सतरावी जागा

मंजुषा सांडू हिनं आखलेली सहल कधी फसली नाही. औरंगपुऱ्यातल्या आमच्या कॉलेजच्या ऑफिसात ती वरिष्ठ लिपिक आहे. दर हिवाळ्यात कर्मचाऱ्यांची घरच्यांसह सहल निघते, आणि ती मंजुषानंच काढायची असं ठरून गेलंय. कुणाला गाडी लागते, कुणाचं पोर कांदा खात नाही, कुणाला खिडकीच लागते, हे सगळं तिच्या डोक्यात असतं. मी तनुजा, तिथंच अधीक्षक, म्हणजे तिची साहेब. ही गोष्ट मंजुषाची आहे. पण तिनं काढलेल्या एका सहलीच्या गाडीत मी ज्या जागेवर बसले ती माझी नव्हती, म्हणून ती मीच सांगितलेली बरी.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत रायगडला जायचं ठरलं. सतरा जणांची गाडी, पहाटे निघायचं, रात्री पाचाडला मुक्काम आणि सकाळी रोपवेनं गडावर. मंजुषाच्या यादीत सोळा नावं झाली आणि सतरावं नाव तिच्या सासूबाईंचं, साळूबाईंचं.

साळूबाई सत्तरीच्या. सगळं आयुष्य फर्दापूरच्या अलीकडच्या एका खेड्यात, शेतात गेलं. नवरा वारल्यावर त्या मुलाकडं, सुदर्शनकडं, शहरात आल्या. सुदर्शन वाळूजच्या एका कारखान्यात आहे. हडकोत त्यांचं चौथ्या मजल्यावर घर, इमारतीला लिफ्ट नाही. साळूबाईंचे वडील तरुणपणी गावच्या चार जणांबरोबर रायगड चढून आले होते, आणि त्यांनी पोरांना आयुष्यभर त्याच्या गोष्टी सांगितल्या. दरवाजा कसा अंगावर येतो, समाधीपाशी वारा कसा वाजतो, हे साळूबाईंना न बघता पाठ होतं. दिवाळीपासून त्या शेजारणींना सांगत होत्या, औंदा मी रायगडाला जाणार हाय.

मी आधी सहलीला नाही म्हटलं होतं, कारण त्याच आठवड्यात भाचीचं लग्न होतं. डिसेंबरात लग्नाची तारीख पुढं गेली. मी मंजुषाच्या टेबलापाशी जाऊन विचारलं, एखादी जागा आहे का गं? ती लगेच म्हणाली, "आहे की मॅडम." क्षणभरही थांबली नाही. मला शंका यायचं काही कारणच नव्हतं.

गाडी भरलीय असं ती मला सांगू शकली असती. मी रागावले नसते. पण खरं असं होतं की माझ्या विचारण्यानं तिला एक निमित्त मिळालं. हे तिनंच मला नंतर सांगितलं.

आदल्या वर्षी आम्ही अजिंठ्याला गेलो होतो तेव्हा साळूबाई बरोबर होत्या. त्यांनी गाडीत सगळ्यांची नावं-गावं विचारली. फर्दापूरला उतरल्यावर झाडाखाली गाठोडं सोडलं आणि भाकरीचा तुकडा ठेच्याला लावून थेट प्राचार्यांच्या बायकोच्या तोंडाशी नेला. जेवणं झाल्यावर मिश्री लावत बसल्या आणि मंजुषाची पहिली भाकरी कशी परातीला चिकटून बसली होती ते सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. आम्ही पोट धरून हसलो. मी तर दुसरी भाकरी मागून घेतली. तो दिवस मला त्या बाईमुळंच आठवतो. मंजुषाला मात्र ते हसणं वेगळं ऐकू आलं. तिला वाटलं, आम्ही तिच्या घराला हसतोय. तिचं माहेर बरं शिकलेलं, वडील मास्तर. त्या दिवशी ती शरमेनं गाडीच्या मागच्या बाजूला जाऊन उभी राहिली होती, आणि ते आमच्यापैकी कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

मला जागा दिली त्या संध्याकाळी तिनं घरी सासूला सांगितलं की रोपवे दुरुस्तीसाठी बंद आहे. सतराशेच्या वर पायऱ्या आहेत, त्या चढाव्या लागतील, तुम्हाला कसं जमणार. सुदर्शन तिथंच चहा घेत बसला होता. रोपवे चालू असल्याचं त्याला माहीत होतं, कारण तिकिटांचं त्यानंच बघितलं होतं. त्यानं मान वर केली, बायकोकडं बघितलं आणि परत कपात बघितलं.

साळूबाईंनी विचारलं, "किती पायऱ्या म्हणलीस?"

"सतराशे सदतीस."

"बरं," त्या म्हणाल्या.

मंजुषाला वाटलं, प्रश्न मिटला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती डबे भरत असताना साळूबाई दाराबाहेर गेल्या त्या बराच वेळ आल्या नाहीत. तिनं डोकावून बघितलं तर त्या पदर कमरेला खोचून, कठड्याला धरून जिना चढत होत्या. तळापर्यंत उतरून वर आल्या होत्या. धापा टाकत म्हणाल्या, मजल्याला अठरा पायऱ्या हायत, चार मजल्यांच्या बहात्तर. म्हंजी चोवीसदा चढलं की रायगड झाला. हा हिशेब त्यांनी नातीकडून करून घेतला होता.

पहिल्या दिवशी दोनदा चढल्या. मंजुषानं मनाशी म्हटलं, चार दिवसांत थकतील आणि स्वतःच नको म्हणतील. आठवड्यानं त्या सहा वेळा चढत होत्या. संध्याकाळी पायांना तेल चोळत बसायच्या, पण एकदाही दुखतंय म्हणाल्या नाहीत. इमारतीतल्या बायका दारात उभ्या राहून त्यांना हात करायच्या. तिसऱ्या मजल्यावरची ओवी नावाची कॉलेजची मुलगी त्यांच्याबरोबर एखादी फेरी मारायची. मंजुषा ऑफिसला निघाली की जिन्यात सासू समोर यायची. भिंतीला टेकून, सुनेला वाट करून देत म्हणायची, जा, तुला उशीर व्हईल. मंजुषा खाली मान घालून उतरायची. त्या दिवसांत ती ऑफिसात अर्धा तास आधी येऊन बसायची, हे मला आठवतं. मी तिच्या कामसूपणाचं कौतुकही केलं होतं.

एकदा साळूबाई रिक्षानं एकट्याच औरंगपुऱ्यात आल्या आणि ऑफिस सुटेपर्यंत फाटकापाशी बसून राहिल्या. त्यांना बूट घ्यायचे होते. जन्मात कधी घातले नव्हते. मंजुषा त्यांना गुलमंडीकडं घेऊन गेली. दुकानदारानं विचारलं, कुठं निघाल्या मावशी? साळूबाईंनी ऐटीत सांगितलं, रायगडाला, पायी. तो उठलाच. दुसऱ्या गिऱ्हाइकांना थांबवून त्यानं खाली बसून स्वतःच्या हातानं त्यांच्या पायांत कापडी बूट घातले, नाडी बांधून दिली, अंगठ्याला लागतंय का ते दाबून बघितलं. मग मंजुषाकडं वळून म्हणाला, ताई, नशीबवान आहात, सासूला गडावर नेताय. मंजुषा म्हणते, "मी रस्त्याकडं तोंड करून उभी राहिले. तिथं सांगून टाकलं असतं तरी चाललं असतं. पण जीभ उचलली नाही."

सांगायचं तर ती रोजच ठरवायची. भाजी चिरताना वाक्य जुळवायची. रोपवे सुरू झाला म्हणे, एवढं म्हटलं असतं तरी एक खोटं दुसऱ्या खोट्याखाली झाकलं गेलं असतं. पण मग सतरावी जागा कुठून आणायची? मला ती देऊन बसली होती. साहेबाला नाही कसं म्हणायचं. गाडी मोठी करता आली असती, सुदर्शनला मागं ठेवता आलं असतं. आयुष्यभर लोकांच्या अडचणी सोडवणाऱ्या बाईला त्यातलं काहीही सुचलं नाही. सुचू द्यायचंच नव्हतं, असं ती आता म्हणते.

सहल पाच दिवसांवर आली. साळूबाई सोळाव्या फेरीपर्यंत पोचल्या होत्या. रविवारी दुपारी मंजुषानं दुसरं खोटं काढलं. सुदर्शन डॉक्टरांना भेटले होते, तुमचं ब्लडप्रेशर बघता ते नको म्हणतात. साळूबाई गहू निवडत होत्या. त्यांनी हात थांबवला नाही.

"रोपवे चालू हाय, मंजू," त्या म्हणाल्या.

मंजुषा दाराची चौकट धरून उभी राहिली.

"ओवीनं मोबाइलवर दावलं. बेस्तरवारी. कालचीच माणसं बसून गेलेली दिसत व्हती त्याच्यात." त्यांनी एक खडा वेचून बाजूला टाकला. "चार दिस वाट बघितली. म्हणलं, आज सांगंल. आज नाय तर उद्या सांगंल. म्हणून चढत राहिले. नाय चढले असते तर तुला कळलं असतं, मला म्हैत झालं म्हणून."

मंजुषा त्यांच्या पायांशी बसली. माझी जागा घ्या, मी थांबते, असं काहीबाही बोलत राहिली. सुदर्शन आतून आला आणि म्हणाला, माय, माझ्या जागी तू जा. साळूबाईंनी दोघांनाही नको म्हटलं. आवाज चढवला नाही. फक्त एवढंच म्हणाल्या, "नेयाचं नव्हतं तर तसं म्हणायचं. मी काय मारलं असतं का तुला?"

सहल ठरल्याप्रमाणं निघाली. साळूबाई पहाटे उठून भाकऱ्या करून द्यायला लागल्या, तेव्हा मंजुषाला ते काम त्यांच्या हातातून काढूनही घेता येईना आणि बघवेनाही. मी तिच्या शेजारच्या जागेवर बसले होते, खिडकीपाशी. ती जागा तिनं सासूसाठी धरली होती, हे मला पुढं वर्षभरानं कळलं.

गडावर हवा स्वच्छ होती. रोपवेतून उतरून आम्ही राजसदर बघितली, बाजारपेठेतून चालत समाधीकडं गेलो. साळूबाईंच्या वडिलांनी सांगितलेला वारा तिथं खरंच वाजत होता. सुदर्शननं आईला मोबाइलवर फोन लावला आणि तिला सगळं दाखवायला लागला. साळूबाईंचा चेहरा पडद्यावर अगदी जवळ आला होता, नुसते डोळे आणि कपाळ. मीही त्यात डोकावले. मला त्यांना बघून खरोखर आनंद झाला. मी म्हटलं, आजी, तुम्ही का नाही आलात? गाडीत करमलं नाही तुमच्याशिवाय.

आमच्यातले सात-आठ जण भोवती उभे होते. पलीकडून साळूबाई म्हणाल्या, "गुडघं, बाई. मंजू लई मागं लागली व्हती, चला म्हणून. मीच नाय म्हणलं."

मंजुषा माझ्या मागंच होती. ती एका दगडावर बसली आणि तिनं पदर तोंडावर घेतला. मला वाटलं, ऊन लागलं. मी तिला पाणी दिलं. तिनं ते घेतलं नाही.

परत आल्यावर साळूबाईंनी तिला गडाचं सगळं विचारलं आणि तिनं सगळं सांगितलं. कुठं काय आहे, किती वेळ लागला, समाधीवर फुलं कसली होती. साळूबाई मन लावून ऐकत होत्या, आणि मध्येच चूक काढत होत्या, कारण त्यांच्या वडिलांनी वेगळं सांगितलेलं होतं. नंतर त्या चार महिने गावी जाऊन राहिल्या. कारण भाच्याच्या शेताचं सांगितलं. मंजुषानं दर आठवड्याला फोन केला. त्या नीट बोलायच्या, जेवलीस का विचारायच्या. कधी येताय या प्रश्नावर मात्र, बघू, एवढंच.

पुढच्या नोव्हेंबरात सहलीचा विषय निघाला तेव्हा आम्ही सगळे ऑफिसात जमलो होतो. कुणीतरी म्हणालं, मंजुषाताईंनी रायगड इतका चोख केला, या वेळीही त्यांनीच करावं. ती उभी राहिली. म्हणाली, मी करणार नाही. आणि मग तिनं सगळं सांगितलं. जिने, बूट, डॉक्टरचं खोटं, फोनवरचं सासूचं बोलणं. स्वतःला कुठंही सोडलं नाही. माझ्या नावावर आल्यावर म्हणाली, मॅडमना यातलं काही माहीत नव्हतं. अकरा माणसं टेबलाकडं बघत बसली होती. तिला थांबवावं की बोलू द्यावं तेही कळेना. बोलून झाल्यावर ती आपल्या जागेवर बसली आणि हजेरीपट उघडला.

मी त्या रविवारी हडकोत गेले. साळूबाई परत आल्या होत्या. मी माफी मागायला लागले तर त्यांना आधी कळेचना. मग म्हणाल्या, "तिनं सांगितलं? सगळ्यांम्होरं? येडी हाय. घरातलं घरात राहतं." त्या मनापासून नाराज झालेल्या दिसल्या. मंजुषा स्वयंपाकघरात चहा करत होती. तिला ऐकू येत असणार. चहा घेऊन बाहेर आली तेव्हा तिनं माझ्याकडं बघितलं नाही आणि सासूकडंही नाही.

गेल्या डिसेंबरात त्या दोघी एसटीनं रायगडला जाऊन आल्या. मंजुषानं कुणालाच सांगितलं नव्हतं, नुसती तीन दिवसांची रजा टाकली होती. साळूबाई थोड्या पायऱ्या चढल्या, दम लागल्यावर परत उतरल्या आणि रोपवेनं वर गेल्या. समाधीपाशी तासभर बसल्या. वाटेत प्रत्येक एसटीत शेजारणीला सांगत होत्या, ही माझी सून, हिनं आणलं मला.

मी विचारलं, मग आता तरी तुला बरं वाटलं असेल? मंजुषा टपालावर शिक्के मारत होती. ती म्हणाली, "तीन दिवसांत त्यांनी एकदाही तो विषय काढला नाही. एकदा तरी मला टाकून बोलायला हवं होतं त्यांनी, मॅडम."

मग तिनं पुढचं पाकीट ओढलं.