काकूंच्या हातातली गाडी

कवळीवाले काका घरातच बसून लोकांच्या कवळ्या घडवत. पुढच्या खोलीत त्यांचं टेबल, आतल्या खोलीत पलंगावर काकू. अर्धांगवायूने काकूंचं डावं अंग गेलं होतं. "अहो, पाणी." काका उठले. "अहो, चष्मा." काका पुन्हा उठले. तोवर कवळीसाठी दिव्यावर मऊ केलेलं मेण घट्ट होऊन बसलेलं. काकूंवर त्यांचा जीव होता, पण गुडघ्यांना ते कोण समजावणार? एकदा सलग बसायला मिळावं, आयुष्याकडे एवढंच मागणं उरलं होतं.

म्हणून त्यांनी हौशी लोक घरी जोडतात तसली चार चाकांची रोबो-गाडी मागवली, वर ट्रे बसवला. धडपडत लॅपटॉपवर प्रोग्राम लिहिला. बाणाची बटणं दाबायची, वायफायवरून हुकूम जायचा, गाडी चालायची. जाताना शहाण्यासारखी जायची. परत येताना मात्र हमखास भिंतीवर! येताना तिचं तोंड आपल्याकडे, म्हणजे तिचं डावं ते आपलं उजवं. दमलेल्या माणसाला हे ऐनवेळी कुठलं सुचायला? रिकामा पेला गडगडला की काका उठायचे ते उठायचेच.

शेवटी वैतागून त्यांनी गाडीच्या कपाळावर कॅमेरा बसवला. आता गाडीला दिसेल ते लॅपटॉपवर दिसू लागलं, आणि डावं ते डावंच राहिलं.

त्या संध्याकाळी ते पार गळून गेले होते. त्यांनी लॅपटॉप काकूंच्या उजव्या हाताशी ठेवला.

"आता तूच चालव बाई. हवं ते सांग, मी बसल्या जागेवरून ट्रेमध्ये ठेवीन. फक्त मला उठवू नकोस."

गाडी बाहेर आली, पण टेबलापाशी थांबली नाही. काकांच्या खुर्चीला वळसा घालून थेट स्वयंपाकघरात शिरली. अंथरुणाला खिळल्यापासून काकूंनी ते पाहिलं नव्हतं. गाडी ओट्याखाली एक फेरी मारून थांबली.

"अहो!"

"काय गं?"

"ओट्याखाली काय उकिरडा करून ठेवलाय! झाडू शेवटचा कधी फिरवला होतात?"

आजारपणात काकू पाणीसुद्धा ओशाळून मागत. हा आवाज घरच्या मालकिणीचा होता. काकांना रडू आलं आणि तितकाच रागही आला. गुडघ्यांवर हात टेकून ते उठले आणि त्यांनी झाडू घेतला.

"कोपरा सोडू नका हं," आतून आवाज आला. "मला दिसतंय."