बिनकडीचं बाथरूम

आमच्या मावशीला सगळे भित्री भागूबाई म्हणायचे आणि त्यात खोटं काही नव्हतं. दारावरची बेल वाजली तरी ती आधी खिडकीच्या फटीतून बघून घ्यायची. अशा बाईने घरातल्या खोल्या विद्यार्थ्यांना दोन-तीन महिन्यांच्या बोलीने भाड्याने द्याव्यात, म्हणजे आपणहून धास्ती विकत घेण्यासारखंच होतं. पण काका गेल्यावर तिला रिकाम्या घराची त्याहून जास्त भीती वाटायची. म्हणून तर मलाही, म्हणजे भाचीला, तिने राहायला बोलावून घेतलं.

काका बाथरूममध्ये कोसळले होते. आतून कडी होती आणि दार फोडेपर्यंत उशीर झाला. त्यानंतर मावशीने ती कडी काढूनच टाकली. आत गेलं की मोठ्याने काहीतरी म्हणत राहायचं, हा घराचा नियम झाला. आत कोणीतरी आहे हे त्यामुळे बाहेरच्यांना कळायचं आणि आतला माणूस धड आहे हे मावशीला. विद्यार्थी आधी कपाळाला हात लावायचे, मग गायला लागायचे. एकेकाचा गळा असा, की त्यापेक्षा कडी बरी.

थंडीत नर्सिंगची एक मुलगी परीक्षेपुरती खोली बघायला आली.

"काकू, कडी नसेल तर मला खोली नको."

"मग नको घेऊस, बाळा." मावशी तिची नजर चुकवत म्हणाली, पण हटली नाही.

दुसरीकडे कुठे जागा मिळेना, तेव्हा पोरगी नाक मुठीत धरून परत आली. गाणं येत नाही म्हणून आंघोळ करताना ती हाडांची नावं घोकायची, डोक्यापासून खाली. मावशी स्वयंपाकघरात भाजी चिरता चिरता कान देऊन ऐकायची. अर्थ एकाचाही कळत नव्हता, पण क्रम तिला पाठ झाला होता.

एका सकाळी "ह्युमरस, अल्ना" ऐकू आलं. मग पुन्हा "अल्ना". मग बऱ्याच वेळाने, जड जिभेने, "अल्...ना".

मावशीची सुरी थांबली. "पुढचं का म्हणत नाहीये ही?"

"विसरली असेल गं," मी म्हटलं.

मग काहीच ऐकू येईना.

मावशी पांढरीफटक पडली. मला वाटलं आता हीच पडते. पण धावत जाऊन दार ढकललं ते तिनेच. मुलगी भिंतीला टेकून खाली घसरली होती. गॅसचा गिझर चालू होता आणि गार वारा लागतो म्हणून तिने खिडकीत टॉवेल कोंबला होता, त्यामुळे गिझरचा विषारी वायू आतच कोंडला होता. मावशीने गिझर बंद केला. मुलीला चादरीत गुंडाळून आम्ही दोघींनी कसंबसं गॅलरीत ओढत आणलं. मी अँब्युलन्सला फोन लावला, पण तिसऱ्यांदा कुठे मला पत्ता नीट सांगता आला.

पोरगी डोळे उघडत नव्हती. मावशी तिचे गाल थोपटत एकच विचारत होती, "अल्ना, पुढे काय गं? सांग ना, पुढे काय?" काका गेले तेव्हाही मी तिला इतकं घाबरलेलं पाहिलं नव्हतं.

खाली अँब्युलन्स येऊन थांबली, तेव्हा कुठे मुलीचे ओठ हलले.

"रेडिअस."

मावशीने तिला उराशी धरलं आणि रडत रडत चिडून विचारलं, "मग मघाशीच का नाही म्हणालीस?"