तात्यांचं नवं घर, 'कैलास'

रंगनाथतात्यांना मी एकदा मारलं आहे. तेही सकाळी साडेसहा वाजता, सगळ्या गावाच्या कानांदेखत.

मी स्वभावानं अबोल. सहाव्या वर्षी मामानं मला नगरच्या इंग्रजी शाळेत घातलं आणि मी मॅट्रिकपर्यंत तिथल्या वसतिगृहात राहिले. तिथे मराठी बोललं की दंड, आणि इंग्रजी बोलायची लाज. त्यामुळे मी दोन्ही भाषांत गप्प राहायला शिकले. परीक्षा संपवून पुणतांब्याला परतले तेव्हा आईला वाटलं, मुलगी शहाणी झाली आहे. गावाला वाटलं, मुलीला शिष्टपणा आला आहे. खरं म्हणजे मला शब्द सापडत नव्हते.

आमचे अप्पा गावच्या शाळेचे हेडमास्तर. ग्रामपंचायतीचा रेडिओ सकाळी लावायचं काम त्यांच्याकडे होतं. पंचायतीच्या छपरावर भोंगा होता, खाली एक जुना रेडिओ आणि एक माइक. रेडिओ तापायला दहा मिनिटं लागत. (आमच्याकडे चहाही तेवढ्या वेळात होत असे, पण चहातून कधी खरखर आली नाही.) त्या दहा मिनिटांत अप्पा गावाच्या सूचना वाचत. कुणाचं वासरू हरवलं, कुठल्या गल्लीत डॉक्टर लस टोचणार, असं.

रंगनाथतात्या शेतकरी. घरी एक म्हैस. आमच्याकडे दुधाची चरवी ठेवून ते अप्पांबरोबर पंचायतीत जात आणि माइकसमोरच्या दुसऱ्या खुर्चीवर बसत. त्यांना तिथे कुणी नेमलं नव्हतं. पण अप्पांनी सूचना वाचली की तात्या त्यावर बोलत, तात्या बोलले की अप्पा ते खोडून काढत, आणि रेडिओ तापला तरी कुणाच्या लक्षात येत नसे. दात आधी घासावेत की चहा आधी घ्यावा, सासऱ्यानं जावयाकडे किती दिवस राहावं, मुलाला मारावं की नुसतं डोळे वटारावेत, अशा प्रश्नांवर ते रोज भांडत. बायका चुलीपाशी बसून आपापला पक्ष घेत. दिल्लीच्या बातम्या अर्ध्यातून सुरू होत. गावानं त्याबद्दल कधी तक्रार केली नाही.

एका सकाळी विषय निघाला, शिळी भाकरी दुधात कुस्करावी की ताकात. अप्पा दुधाच्या बाजूचे, तात्या ताकाच्या. तात्या म्हणाले, "मास्तर, दुधात भाकरीचा चिखल होतो. ताकात ती भाकरी ऱ्हाते."

अप्पा रंगात आले होते. म्हणाले, "तात्या, तुमच्या दुधात ती चिखल होत नाही. पोहते."

भोंगा क्षणभर नुसताच गुणगुणला. मग तात्यांचा आवाज आला, अगदी हळू. "माझ्या दुधात पानी हाय म्हनता?"

अप्पांनी पुढची सूचना वाचायला घेतली. मास्तर माणूस, भोंग्यावर बोललेलं मागे घेणं त्यांना फळ्यावर चूक लिहिल्यासारखं वाटलं असावं. खुर्ची सरकल्याचा आवाज गावभर ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी तात्यांनी चरवी आमच्या ओट्यावर ठेवली आणि हाक न मारता ते निघून गेले. तिसऱ्या दिवशीही तसंच. दूध चालू, बोलणं बंद. तात्या पंचायतीत जाईनात, म्हणून अप्पाही जाईनात. भोंगा मुका झाला. आडावर पाणी भरायला गेलं की बायका आईला विचारत, "मिटलं का वो?" आई मान हलवायची. अप्पा सकाळी उठून, कपडे करून, दारात उभे राहायचे आणि पुन्हा आत येऊन कपडे उतरवायचे. ते मला पाहवत नव्हतं.

कारण दुधात पाणी मी घालत होते.

वसतिगृहात आम्हाला जे दूध मिळे त्यातून पेल्याचा तळ दिसत असे. दहा-अकरा वर्षं मी तेच प्यायले. तात्यांच्या म्हशीचं दूध मला गळ्याखाली उतरेना. साय पाहिली की मी पेला बाजूला सारायची. आईला तसं सांगायचं तर ती म्हणाली असती, नगरला जाऊन पोरीला दूधही पचेनासं झालं. म्हणून आई अंगणात असताना मी गुपचूप चरवीत दोन तांबे पाणी ओतत होते. भांडण झाल्या दिवसापासून मी ते भीतीनं बंद केलं. चौथ्या दिवशी अप्पांनी वाटीतली साय बोटानं उचलून आईला दाखवली. "बघितलंस? बोललो आणि पाणी बंद झालं!"

म्हणजे मी पाणी घातलं तेव्हा तात्या चोर ठरले, आणि थांबवलं तेव्हा ते सिद्ध झालं.

पाचव्या दिवशी सकाळी सरपंच आमच्या दारात आले. अप्पा न्हाव्याकडे गेले होते. सरपंचांच्या हातात एक चिठ्ठी होती. तात्यांनी वेशीजवळ नवं घर बांधलं होतं, पत्र्याचं का होईना पण पुढे ओटा, आणि दारावर रंगाऱ्याकडून निळ्या अक्षरांत नाव काढून घेतलं होतं, 'कैलास'. त्या घरात आज पूजा होती. गावाला बोलावणं भोंग्यावरून जायला हवं होतं, आणि मास्तर सोडून कुणीही वाचावं असा तात्यांचा निरोप होता.

"तुमी वाचा, ताई," सरपंच म्हणाले. "शिकलेल्या हाय. समोर कोन दिसत न्हाई, लाजायचं काय त्यात?"

एरवी मी आत पळाले असते. पण वाटलं, खरं सांगायची हिंमत नाही, निदान तात्यांचं नाव तरी सगळ्या गावापुढे सन्मानानं घ्यावं. गेले.

चिठ्ठीत लिहिलं होतं, "रंगनाथतात्याच्या कैलास या नव्या घरात आज धा वाजता सत्यनारायन हाय, समद्यांनी यावं." मला ते माइकला शोभेसं वाटलं नाही. मी पेन्सिल घेतली. अप्पा सूचना सुरू करताना 'ग्रामवासीहो' म्हणत. ग्रामात राहतो तो ग्रामवासी. मग कैलासात राहतो तो? तो शब्द मला आपोआप सुचला याचा मला फार आनंद झाला. (देवळाच्या पायऱ्यांवर देणगीदारांच्या नावाआधी 'कै.' कोरलेलं मी पाहिलं होतं. पण ती त्यांच्या नावांची आद्याक्षरं आहेत असं मी समजत होते. इतक्या जणांची नावं 'कै'नंच कशी सुरू होतात, याचं नवलही वाटायचं.)

मी माइकसमोर बसले. लाजेनं आवाज कापायला लागला. बाहेरून ऐकणाऱ्याला तो रडवेला वाटला, हे मला नंतर कळलं.

"ग्रामवासीहो," मी वाचलं. "कैलासवासी रंगनाथतात्या यांच्या राहत्या घरी सर्वांनी जमावे. आज सकाळी दहा वाजता..."

आणि वीज गेली.

सरपंचांचं सारं लक्ष बटणांकडेच होतं; त्यांनी ती वरखाली करून पाहिली. "जाऊ द्या, ताई. येळ आन् ठिकान कळलं ना, बास झालं." मी घरी आले. आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत बोलले होते. माझ्या अंगावर काटा आला होता, अभिमानाचा.

सात वाजता गल्ली रिकामी व्हायला लागली. दहाच्या पूजेला लोक सातलाच कसे निघाले, म्हणून मीही निघाले. कुणी बोलत नव्हतं. पुरुषांनी टोप्या काढून हातात घेतल्या होत्या. माझ्या शेजारून चालणारी एक म्हातारी मला जवळ घेऊन म्हणाली, "लई जीव हुता ना तुझा त्यांच्यावर? आवाजातनंच कळलं." मी नम्रपणे हो म्हणाले.

'कैलास'च्या ओट्यासमोर अर्धं गाव बसलं होतं. तात्यांच्या बायकोला आम्ही काकू म्हणतो. काकू शिऱ्याची कढई खाली ठेवून, रव्याचे हात घेऊन दारात आल्या. त्यांनी भोंगा ऐकला नव्हता. आत जातं घरघरत होतं. एवढी माणसं इतक्या लवकर पाहून त्या गोंधळल्या.

कुणीतरी विचारलं, "कुठं हायत तात्या?"

"नदीला गेलेत," काकू म्हणाल्या.

गर्दीतून एकदम एक सुस्कारा निघाला. "नदीत," पुढच्या कुणीतरी मागच्याला सांगितलं. त्या वर्षी दुष्काळ अजून लागायचा होता. गोदावरीला भरपूर पाणी होतं. बायकांनी पदर तोंडाला लावले. काकू एकेकाचा चेहरा पाहत राहिल्या आणि त्यांनी चौकट धरली. त्यांचा चेहरा पाहिला तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मी काहीतरी भयंकर बोलले आहे. काय, ते अजून कळलं नव्हतं.

तेवढ्यात अप्पा आले. अनवाणी, अर्धा गाल साबणात, गळ्यात न्हाव्याचं फडकं. माझे अप्पा कधी धावलेले मी पाहिले नव्हते. ते धापा टाकत ओट्याच्या पायरीवर बसले.

याच वेळी रंगनाथतात्या नदीवरून आले. आंघोळ करून, पूजेच्या पाण्याची घागर खांद्यावर घेऊन. गर्दी त्यांच्याकडे पाठ करून बसलेली. त्यांनी हलकेच शेवटच्या माणसाला विचारलं, "कोन गेलं?"

"तात्या," तो मागे न बघता म्हणाला.

"कोनते?"

"आपलेच की. रंगनाथतात्या."

तात्यांनी घागर खाली ठेवली आणि तेही बसले. (त्यांनी मला पुढे सांगितलं, एवढे लोक म्हणतात म्हटल्यावर खरं असंल असंच वाटलं.)

अप्पा उभे राहिले. शाळेत प्रार्थनेच्या वेळी उभे राहतात तसे. म्हणाले, "मी चार लोकांत त्यांच्या दुधाला नाव ठेवलं. पाणी असो नसो, तो माणूस खोटा नव्हता. मला त्याच दिवशी सांगायचं होतं. जीभ उचलली नाही."

मागून आवाज आला, "मग भोंग्यावर सांगा की, मास्तर."

सगळ्यांनी माना वळवल्या. दोन बायका किंचाळल्या. काकू चालत गर्दीतून गेल्या, तात्यांच्या समोर उभ्या राहिल्या, त्यांच्या दंडाला रव्याचा हात लावून पाहिला, आणि म्हणाल्या, "पूजेला बसा आधी." मग त्या आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

सरपंचांनी माझ्याकडे पाहिलं. सरपंचांनी पाहिलं म्हणून गावानं पाहिलं. अप्पांनी मला 'कैलासवासी'चा अर्थ तिथेच, सगळ्यांदेखत, शाळेतल्या आवाजात समजावून सांगितला. मला जमिनीत शिरावंसं वाटलं. पण एवढं झाल्यावर लाज उरतेच किती? मी म्हणाले, "दुधात पाणी मी घालत होते."

अप्पांनी फडक्यानं गालावरचा वाळलेला साबण पुसला. तात्यांनी मला नीट पाहून घेतलं.

"किती?" त्यांनी विचारलं.

"दोन तांबे."

"रोज?"

"रोज."

तात्या अप्पांकडे वळले. "तरीबी भाकरी कुस्करत हुता ना त्यात? मग माझं दूध किती घट्ट हाय बघा."

दुसऱ्या दिवशी भोंगा पुन्हा सुरू झाला. अप्पांनी सगळ्या गावाची माफी मागितली आणि मग तात्यांची. तात्या खाकरले. "मी कैलासवासी तात्या बोलतोय," ते म्हणाले. "हितं समदं ठीक हाय. दूध मात्र निर्मळ मिळतं." त्यानंतर भाकरीचा वाद जिथे थांबला होता तिथून पुढे सुरू झाला.

काकू मात्र माझ्याशी महिनाभर बोलल्या नाहीत. ते मला गावाच्या हसण्यापेक्षा जास्त लागलं. शेवटी त्यांनी तात्यांपुढे हट्ट धरला, दारावरचं ते नाव पुसा. एका संध्याकाळी तात्या चुन्याची बादली घेऊन आमच्याकडे आले. म्हणाले, "सुमन, तुझ्यापायी नाव पुसतोय. आता दुसरं तूच सांग. देवाचं पायजे, शुभ पायजे."

मी दोन दिवस मागून घेतले. या वेळी घाई करायची नाही, असं ठरवलं. अप्पांच्या कपाटातली पुस्तकं काढली, शब्द वहीत उतरवले, मोठ्यानं म्हणून पाहिले. तिसऱ्या दिवशी सकाळी तात्यांनी चरवी ओट्यावर ठेवली तेव्हा मी स्वतःहून, न अडखळता, त्यांना नाव सांगितलं.

"वैकुंठ."

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी शांतपणे कालची रिकामी चरवी उचलली.

"ऱ्हाऊ दे, पोरी," ते म्हणाले. "कैलासच बरं. तिथली आता सवय झालीया."