धूप में मत ठेवो

"धूप में मत ठेवो! अरे भैया, धूप में मत ठेवो!"

माझ्या मोटरसायकलच्या मागच्या सीटवर अर्धवट उभा राहून तो असा ओरडायचा, आणि त्याला खाली बसवायला मी मागे कोपर मारायचो. 'ठेवो' असं हिंदीत म्हणत नाहीत, हे सांगून सांगून मी थकलो. तो म्हणायचा, "कळतंय ना त्यांना? मग चला, काका!"

हा माझ्या बायकोच्या मावसबहिणीचा मुलगा, साताऱ्याकडचा. फोटोग्राफर. आमच्या इकडे हिंदी मुलखात, पाटनकडच्या गावांत पूर येऊन गेला, तेव्हा कुठल्याशा मासिकानं त्याला पडलेल्या घरांचे फोटो काढायला पाठवलं होतं. उतरला आमच्याकडे, रांझीला. मी खमरियाच्या फॅक्टरीतून रिटायर झालेलो, म्हणजे घरात रिकामाच. मग काय, पडला गळ्यात.

एका जागी बसणं त्याला ठाऊकच नव्हतं. पोहेसुद्धा उभ्यानं खायचा. बायको ओरडायची, "अरे, बसून तर खा! घोड्यावर बसून आला का?" तोवर हा बाहेर जाऊन हॉर्न वाजवत असायचा. माझ्याच गाडीचा!

पहिल्याच गावात त्यानं जे पाहिलं, त्यानं तो बिघडला. पाणी उतरलं होतं, कडक ऊन पडलं होतं. लोकांनी पापड वाळत घालावेत तसे भिंतीवरचे फोटो खाटांवर मांडले होते. एका बाईनं वाळलेली फ्रेम उघडून फोटो ओढला, तर तिच्या हाती कोरा कागद आला. आईचा चेहरा काचेला चिकटून फाटला होता. ती बाई कागद उलटासुलटा करून बघत राहिली. मला तर तिथं थांबवेना.

"ओला असतो तोवर काचेतून फोटोचा फोटो काढता येतो," तो म्हणाला. "वाळला की संपलं. चला, काका, पुढचं गाव!"

तेव्हापासून आमची उन्हाशी शर्यत. परातीत पाणी मागायचं, फ्रेम त्यात ठेवायची, फोटो काढायचा, पळायचं. मासिकाचे फोन यायचे, हा "उद्या पाठवतो" म्हणायचा. शेवटी मी चिडलो. "बाबू, तुला पाठवलं कशाला, अन् तू करून काय राहिला?"

"काका, घरं उद्याही पडलेलीच असतील."

 मी किक मारली.

अशातच एका गावात शिरता शिरता कुणीतरी सांगितलं, की पंपाची मोटर काढायला गेलेला एक माणूस पुरात गेला. मोबाइल त्याच्याच खिशात होता. घरात त्याचा एकच फोटो उरला होता आणि तेराव्याला हार घालायला तोच लागणार होता. आम्ही पोचलो, तर त्याचा भाऊ उन्हात बसून खिळ्यानं फोटोची कड सोडवत होता. आमचा प्राणी चालत्या गाडीवरून चिखलात उडी मारून ओरडला, "हात मत लाव!"

जत्रेतला फोटो होता. स्टुडिओच्या खोट्या मोटरसायकलवर नवरा ऐटीत बसलेला, मागे बायको, तिचा हात त्याच्या खांद्यावर. खिळ्यानं बायकोचा चेहरा गेला होता. नवऱ्याचा अजून ओला होता.

त्याची बायको दारातच उभी होती. म्हणाली, "मेरा जाने दो. उनका बचा लो, भैया."

मी छत्री धरली. फ्रेम परातीत ठेवून तो गुडघ्यांवर बसला आणि, खरं सांगतो, पहिल्यांदाच मी त्याला न हलता बसलेला पाहिला. श्वाससुद्धा बेतानं घेत होता.

घरी कॉम्प्युटरवर त्यानं तिची फाटकी बाजू कापली. खांद्यावरचा हात मात्र राहिला. मी म्हटलं, "अरे, जित्या माणसाच्या फोटोला हार घालत नाहीत. हा हात पुसता येत नाही का?"

"येतो."

"मग काहून ठेवला?"

त्यानं फोटो छापून आणला, माझ्या हातात दिला आणि त्याच संध्याकाळच्या गाडीनं दुसऱ्या कुठल्या तरी पुराकडे निघून गेला. मासिकानं त्याला काढून टाकल्याचं बायकोकडून मला मागाहून कळलं.

तेराव्याला फोटो घेऊन मी एकटाच गेलो. मागची सीट रिकामी असून गाडी जड वाटत होती. गावात फोटो पाहून बायका रडल्या. मग एका म्हाताऱ्याची नजर हातावर गेली. "यह तो बहू का हाथ है. जीते का हाथ, उस पर माला? काटो इसको." भाऊ कात्री आणायला उठला. मी मनात त्या पोराला शिव्या घातल्या. पठ्ठ्या स्वतः सटकला आणि मला तोंडघशी पाडलं!

तेवढ्यात ती उठली.  झेंडूचा हार तिनं स्वतः फोटोला घातला, हाताच्या बाजूनं जरा वर दुमडून टाचणी लावली. फूल हाताला शिवलं नाही. मग ती मागे सरून बसली, आणि तिचा हात त्याच्या खांद्यावर तसाच राहिला.