एका बेटाची अधिकृत भूमिका

सार्वभौम राष्ट्राची भूमिका शतकानुशतकांच्या अनुभवातून घडते. आमच्या राष्ट्राची शुक्रवारी संध्याकाळपर्यंत घडायची होती, दोन पानांत, पीडीएफमध्ये.

मी तेव्हा एफवायला होते. कॉलेजांच्या परिषदेत विद्यार्थी देशोदेशींचे प्रतिनिधी होऊन संयुक्त राष्ट्रांसारखी चर्चा करतात. कोट घालतात, एकमेकांना ‘माननीय’ म्हणतात आणि मधल्या सुट्टीत समोशासाठी ढकलाढकली करतात. त्याआधी आपापल्या देशाची भूमिका लिहून पाठवायची; तिला पोझिशन पेपर म्हणतात. स्वतःचं मत चालत नाही. पेपर नाकारला गेला की खुर्ची राखीव प्रतिनिधीला. आमचा राखीव प्रतिनिधी नवा कोट शिवून बसला होता.

इकडे भांडुपला बाबांनी सोसायटीच्या ग्रुपवर ‘मुलगी युनोत चालली’ असं टाकून दिलं होतं. तळमजल्यावरच्या काकूंनी तिकडे थंडी असते, स्वेटर ने, असं कळवलं. परिषद मुलुंडला होती.

मोठे देश सीनियर्सनी घेतले होते. माझ्या वाट्याला एक बेटराष्ट्र आलं. त्याचं नाव सांगत नाही. त्याने माझं काही वाकडं केलेलं नाही. विषय होता खोल समुद्राच्या तळातून खनिजं काढण्यावर बंदी घालावी का. शोधून शोधून मला तिथले नारळ सापडले, टपाल तिकिटं सापडली. या विषयावरच्या मतदानात त्या देशासमोर ‘अनुपस्थित’ असं लिहिलेलं होतं.

“मग लिही ना, आम्ही अनुपस्थित आहोत,” आमची टीमप्रमुख म्हणाली.

“नीट सांग ना गं.”

“नीटच सांगते. शेजारच्या देशाचा पेपर उचल, नाव बदल. सगळे तेच करतात यार.”

पण शेजारचा देश घाटकोपरच्या कॉलेजकडे होता आणि तो सभागृहातही माझ्या शेजारीच बसणार होता.

मग कळलं की या देशाचे मानद वाणिज्यदूत अंधेरीत असतात. ज्यांना परदेशात कचेरी परवडत नाही असे देश तिथल्याच एखाद्या व्यापाऱ्याला हा मान देतात. हे काका बाथरूम फिटिंग्जचे व्यापारी निघाले. शोरूमच्या मागच्या केबिनमध्ये दोन झेंडे होते आणि मधे एक शॉवर. त्यांनी चहा मागवला.

“काका, समुद्रातल्या खाणींवर आपली भूमिका काय आहे?”

“आपली म्हंजे? तुझी का माझी?”

“देशाची.”

त्यांनी विचार केला. खरोखर केला. “मला कोणी सांगितली नाय, बेटा. मी व्हिसाचं बघतो. एकदा गेलेलो तिकडे. माणसं चांगली. नळाला पाणी खारट.” मग म्हणाले, “तूच लिही ना. झालं की मला पण एक कॉपी पाठव.”

घरी येऊन लिहायला बसले. ‘आमचं राष्ट्र असं मानतं की’ एवढं लिहायचं आणि थांबायचं. ते काय मानतं हे मला कसं कळावं? शेवटी, खाली काय आहे ते नीट कळेपर्यंत तळाला हात लावू नये, असं लिहिलं. ज्या माणसांना मी कधी पाहिलं नव्हतं त्यांच्या वतीने तीव्र चिंता व्यक्त केली आणि पेपर आयोजकांना आणि काकांना, दोन्हीकडे पाठवला.

आयोजकांचं उत्तर आलं: देशाच्या अधिकृत भूमिकेशी विसंगत. मी फोन लावला. पलीकडे एक मुलगा होता, आवाजावरून तोही कोटात असावा.

“मग अधिकृत भूमिका काय आहे?”

“ते तुम्ही शोधायचं असतं, डेलिगेट.”

“अरे, पण ती नाहीच आहे.”

“मग विसंगतच झाली ना.”

खुर्ची राखीव प्रतिनिधीकडे गेली. बाबांनी एवढंच विचारलं, “मग आता ग्रुपवर काय टाकू?” त्याबाबतही माझी भूमिका नव्हती.

परिषदेच्या दिवशी मी प्रेक्षकांत बसले. नवा कोट उभा राहिला आणि माझ्या बेटाने बंदीच्या विरोधात मत दिलं. फार सुंदर इंग्रजीत दिलं. ठराव पडला.

पुढच्या आठवड्यात अंधेरीहून फोन आला. काकांनी माझा पेपर तिकडच्या मंत्रालयात पाठवला होता.

“उत्तर आलं बेटा. बोलतात, बरोबर आहे, आमचं हेच म्हणणं आहे.”

मी थँक्यू म्हटलं. घरी बाथरूमचं काम निघालं तर नळ माझ्याकडूनच घ्या, असं सांगून त्यांनी फोन ठेवला.