वाफेपलीकडचा हात

ती घटना आठवली की आजही मी बसल्या जागेवरून उठतो आणि घरात येरझाऱ्या घालतो. बायको ओळखते. "आलं वाटतं ते गुऱ्हाळ परत," म्हणते.

गडमुडशिंगीच्या पुढच्या एका गुऱ्हाळावरून भरदुपारी आमच्या पोलीस ठाण्यात फोन आला. गुळव्यानं, म्हणजे गूळ करणाऱ्या कारागिरानं, मजुराला उसाच्या रसाच्या उकळत्या काहिलीत ढकललं होतं. मजूर जबाब देण्याआधीच दवाखान्यात दगावला. तिघांनी डोळ्यांनी पाहिलेलं. आदल्याच दिवशी मजुरानं जाळ जास्त घालून रसाचं आधण करपवलं, तेव्हा गुळव्या चारचौघांत म्हणाला होता, तुलाच काहिलीत घालतो. मला आणखी काय पाहिजे होतं? खुनाचा गुन्हा नोंदवून त्याला उचलला.

चार दिवस मी त्याला सोलून काढला. तो एकच बोलायचा, "सायेब, त्यो घसरला. मी धरत हुतो." मला त्या वाक्याची चीड यायची.

आरोपपत्राचे कागद तयार होत आले, तेव्हा आमचे हवालदार चाचरत बोलले. त्यांचं सगळं घर गुऱ्हाळावर राबलेलं. "सायेब, आपण पंचनामा केला तवा काईल थंड हुती. पेटल्यावर साक्षीदारांच्या बाजूनं काय दिसतंय, बगाया नगं?"

मी चिडलो, पण गेलो. रस भरून काहील पेटवली. साक्षीदार जिथं होते तिथं मी उभा राहिलो. पलीकडे, काठापासून चांगलं लांब, हवालदारांनी एका शिपायाला कॉलरला धरलं. ढकलायचं की ओढायचं, ते त्यांनीच ठरवायचं. पाच वेळा केलं. वाफेतून पाठीमागचा एक हात तेवढा दिसत होता. पाचही वेळा मी छातीठोकपणे सांगितलं, ढकललं.

पाचही वेळा त्यांनी ओढलं होतं.

ठाण्यात येऊन मुद्देमालातला मजुराचा शर्ट काढला. कॉलर मागून उसवलेली, पुढची वरची बटणं तुटलेली. मागं ओढल्याशिवाय बटणं अशी तुटत नाहीत. पंचनाम्यात मीच लिहिलं होतं, 'शर्ट फाटलेला'. लाज वाटली मला.

साक्षीदार खोटं बोलले नव्हते. भांडण त्यांनी ऐकलेलं, म्हणून त्यांना खून दिसला. मीही ते ऐकूनच शर्ट बघितला होता.

कोर्टात अहवाल देऊन गुळव्याला सोडवलं. जाताना तो पायरीवर थांबला. "तुमी बी त्याच बाजूला हुबा हुतासा, सायेब," एवढंच म्हणाला. आवाजात राग नव्हता.

तो सुटला. पण त्याच्याआधी मी किती पंचनामे थंड काहिलीपाशी उभं राहून केले, आणि त्यातले कोण अजून आत बसलेत, हे मला कोण सांगणार?