रिमोट बंद करू नका

माझा भाऊ भित्रा आहे. मी हे त्याच्या तोंडावर म्हणते आणि तो मान डोलावतो, त्यामुळे भांडायचीही सोय राहत नाही. जिना उतरताना कठडा धरेल, गॅसचा नॉब तीनदा बघेल. रस्ता ओलांडताना समोरची बस उभी असली, तरी ड्रायव्हर जागेवर आहे का हे आधी वाकून पाहील. वय एक्कावन्न. लग्नाचं विचारलं की म्हणायचा, बघू. बघता बघता डोक्यावरचे केस गेले.

अशा माणसाने रिमोटवर पळणारे ट्रक दुरुस्त करायचं दुकान काढलं, याचं लोकांना नवल वाटतं. मला वाटत नाही. दुकानात ट्रक आला की दादा आधी त्याला लाकडी ठोकळ्यावर चढवतो, चारही चाकं हवेत राहतील असा. मगच बॅटरीला हात लावतो. मग सर्व्हो तपासतो. सर्व्हो म्हणजे काडेपेटीपेक्षा जरा मोठी डबी. आत मोटर, वर एक छोटा दांडा. रिमोटचा हुकूम गाडीतला रिसीव्हर ऐकतो, सर्व्होला सांगतो, आणि सर्व्होचा दांडा चाकं वळवतो, नाहीतर एका बाजूला फिरून ॲक्सिलरेटर ओढतो आणि दुसऱ्या बाजूला फिरून ब्रेक. दादा सर्व्हो कानाशी धरून बसतो. आतल्या चक्राचा दाता तुटला असेल तर तो म्हणे वेगळा कण्हतो. बारा वर्षं मी शेजारच्या स्टुलावर बसून सोल्डरिंग करते, मला काही ते कण्हणं ऐकू आलेलं नाही.

दुकान खाली, आम्ही वर. आम्ही म्हणजे दादा, मी आणि माझी आठ वर्षांची मुलगी. तिचे पुढचे दात मोठे, म्हणून घरात ती खारू. तिचे बाबा वर्षातले दहा महिने जहाजावर असतात, त्यामुळे तिच्या चपलेचा पट्टाही मामानेच लावायचा असा तिचा कायदा आहे.

दादाला सगळ्यात जास्त भीती सिग्नल तुटण्याची. रिमोटची बॅटरी संपली, तो पडला किंवा बंद झाला, तर गाडीला सांगणारं कुणी उरत नाही. तेव्हा काय करायचं हे रिसीव्हर आधीच लक्षात ठेवतो. रिमोटशी त्याची जोडणी करताना रिमोटवरचा ब्रेक-ॲक्सिलरेटरचा खटका जिथे असेल, ती जागा त्याच्या डोक्यात बसते. म्हणून दादा ब्रेक घट्ट दाबून जोडणी करतो. सिग्नल गेला की ब्रेक लागणार, गाडी जागच्या जागी उभी राहणार. दुसरे दुकानदार एवढं करत नाहीत.

त्या शुक्रवारी संध्याकाळी त्याने आमचं गिऱ्हाईक असलेल्या दातांच्या डॉक्टरांच्या ट्रकला नवा रिसीव्हर आणि ॲक्सिलरेटरचा नवा सर्व्हो बसवला. ट्रक साधासुधा नव्हता. पेट्रोलचं इंजिन, मोठ्या बॅगेएवढा आकार, वजन पंधरा किलो, आणि पळायला लागला की स्कूटरला मागे टाकेल. शनिवारी खारूच्या शाळेत खेळांचा दिवस होता आणि अकरा वाजता डॉक्टर मैदानावर तो पळवून दाखवणार होते. त्यांना घाई होती. ते गाडीची किल्ली हातात खुळखुळवत दादाच्या डोक्यावर उभे होते.

शनिवारी पावणेअकराला दादा एका लहान ट्रकवर काम करत होता. जोडणी झाली, पण सर्व्हो उलटा फिरत होता. ब्रेक दाबला की दांडा ॲक्सिलरेटरकडे जायचा. असं झालं तर रिमोटमध्ये दिशा उलटी करायची. दादाने केली. आता ब्रेक दाबला की ब्रेक लागत होता. मग सवयीप्रमाणे त्याने रिमोट बंद करून पाहिला. दांडा ॲक्सिलरेटरकडे गेला, पूर्ण ओढला गेला आणि तिथेच थांबला. रिमोट सुधारला होता; रिसीव्हरच्या डोक्यात मात्र जुनीच जागा होती, आणि ती जागा आता ॲक्सिलरेटरची होती. पुन्हा जोडणी करणं एवढंच काय ते बाकी होतं.

पण त्याचा हात पुढे जाईना. तो त्या दांड्याकडे बघत बसला. मी म्हटलं, झोप लागली का? त्याने वर पाहिलं.

"डॉक्टरांच्या ट्रकचीही दिशा मी उलटी केली होती," तो म्हणाला. "जोडणी झाल्यावर. पुन्हा जोडणी केलीच नाही, रिमोट बंद करूनही पाहिला नाही."

मी घड्याळाकडे पाहिलं. मुलं मैदानात चुन्याच्या रेघेवर बसणार होती, लहान वर्ग सगळ्यांत पुढे. म्हणजे खारू पुढे. डॉक्टरांना फोन लावला, वाजत राहिला. पुन्हा लावला. मग मी शाळेचा नंबर काढला आणि म्हटलं, ट्रक बंद करा म्हणून निरोप देते. दादाने माझं मनगट धरलं. आजवर त्याने मला असं कधी धरलं नव्हतं.

"बंद करा म्हणू नकोस. ते पहिल्यांदा रिमोट बंद करतील."

मला समजायला क्षणभर वेळ लागला. धोका आहे असं नुसतं सांगितलं, तरी शहाणा माणूस रिमोटचंच बटण दाबणार. मग मुलांना मागे घ्या म्हणून सांगावं, तर शाळेचा फोन कुणी उचलेना, सगळे मैदानावर. मी शटर अर्धं ओढलं आणि स्कूटर काढली. ती मीच चालवली, कारण दादाला हेल्मेटचा पट्टा लावता येत नव्हता. वाटेभर तो मागून एकच सांगत होता, ओरडायचं नाही, हात हलवायचे नाहीत, कुणाला घाबरवायचं नाही. स्वतः इतका थरथरत होता की स्कूटर हलत होती. मी मनात त्याला शिव्या देत होते आणि डॉक्टरांच्या किल्लीलाही.

फाटकाशी पोचलो तेव्हा इंजिनाचा आवाज येत होता. डॉक्टर मैदानाच्या मधोमध खुर्चीवर उभे, हातात रिमोट. ट्रक धूळ उडवत गोल फिरत होता. मुलं रेघेवर मांडी घालून बसली होती आणि पहिल्या रांगेत डावीकडून तिसरी खारू होती. तिचा गुडघा रेघेच्या बाहेर आला होता. मला तिला हाक मारायची होती. मी ओठ आवळून धरले.

दादा चालत गेला. पळाला नाही. रांगेच्या कडेने आत शिरला आणि ट्रक येतो त्या वाटेवर मुलांकडे पाठ करून उभा राहिला. कठडा धरून जिना उतरणारा माणूस! डॉक्टरांनी ब्रेक लावला. ट्रक घसरत आला आणि त्याच्या बुटांपासून दोन हातांवर थांबला, गुरगुरत. ट्रकचं तोंड मुलांकडेच होतं. दादा हळूच ट्रकच्या मागे गेला, गुडघ्यांवर बसला आणि मागची चाकं जमिनीवरून उचलली. इंजिन त्याच चाकांना फिरवतं. तोवर मीही त्याच्यापर्यंत पोचले.

डॉक्टर खुर्चीवरून उतरून आले. चिडले होते, पण सभ्य माणूस.

"थांबा, मीच बंद करतो," असं म्हणून त्यांनी रिमोटचं बटण दाबलं.

"नको," दादा म्हणाला, तोवर इंजिन किंचाळलं. चाकं दिसेनाशी झाली. एक टायर त्याच्या बाहीला लागला आणि बाही कोपरापर्यंत फाटली. तो ट्रक छातीशी ओढून बसला होता, डोळे मिटून, आणि ट्रक त्याच्या हातांतून सुटायला हिसके देत होता, तोंड रांगेकडेच. इंजिन बंद करायचं लाल बटण वरच्या टपाखाली असतं. टपाच्या पिना माझ्या बोटांना सापडत नव्हत्या. एक निघाली. दुसरी निघाली. टप उडाला आणि मी ते बटण दाबून धरलं. आवाज थांबल्यावरही दाबून धरलं होतं.

मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, हा खेळच होता.

डॉक्टर आधी हातातल्या बंद रिमोटकडे बघत होते, मग पुढच्या रांगेकडे. दादाने त्यांना सांगितलं, चूक माझी आहे, शुक्रवारी माझ्याकडून राहिलं. डॉक्टरांनी रिमोट खाली ठेवला. ते मटकन धुळीत बसले.

तेवढ्यात खारू रेघ ओलांडून धावत आली. दादाच्या फाटक्या बाहीला धरून हलवायला लागली.

"मामा, परत एकदा कर ना."

दादाने ट्रक खाली ठेवला आणि तिला छातीशी धरलं, ट्रकला धरलं होतं तसं. ती म्हणत होती, दुखतंय, सोड. तो सोडत नव्हता. मी त्याला उठवायला गेले, आणि त्याच्याजवळच बसून राहिले.